सहा आठवडे गवत कापू नये

आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवलेला आहे. कपाटाला इथं आयर्लंडमध्ये प्रेस म्हणतात, आणि अलकाताईही तसंच म्हणायच्या. ‘प्रेसवरचा कागद वाचलास का?’ हे वाक्य मी या घरात निदान शंभरदा ऐकलं असेल. कागदाच्या वर, ड्युटी बदलताना डॉक्टर एकमेकांवर पेशंट सोपवतात तसं, ‘हँडओव्हर’ असं लिहिलंय, खाली दोन रेघा आहेत, आणि मग ठळक अक्षरांत मजकूर: ‘फुलं गेल्यावर सहा आठवडे गवत कापू नये. पानं पिवळी पडू द्यावीत. शंका असल्यास फोन करावा. शंका नसली तरी करावा.’

आज पाचव्या आठवड्याचा बुधवार. गवत माझ्या पोटऱ्यांपर्यंत आलंय. घरमालक ब्रेंडनचा तिसरा मेसेज सकाळीच येऊन गेला. शेजारचे पॅट, निवृत्त पोस्टमन, कुंपणावरून म्हणाले की त्यांचं मांजर आमच्या अंगणात शिरलं की दोन दिवस सापडत नाही. आणि मी, जिला बागेची कधीच हौस नव्हती, त्या सगळ्यांना ‘अजून दहा दिवस’ असं सांगत फिरते आहे. हे सगळं अलकाताईंमुळे. त्या इथून सतरा हजार किलोमीटरवर आहेत, तरी माझी त्यांच्यापासून सुटका नाही.

अलकाताई भूल देणाऱ्या डॉक्टर. मूळच्या परभणीच्या, शिक्षण मिरजेला, आणि नऊ वर्षं आयर्लंडमध्ये. कायमची जागा नसलेल्या डॉक्टरांचं इथं कसं असतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. करार सहा महिन्यांचा नाहीतर वर्षाचा. जानेवारी आणि जुलै आला की अर्धेअधिक तरुण डॉक्टर बॅगा भरून या गावातून त्या गावात. ताई नऊ वर्षांत नऊ गावं फिरल्या, आणि पहिलं सोडून प्रत्येक भाड्याच्या घराच्या परसात त्यांनी क्रोकस नावाच्या बुटक्या फुलझाडाचे कंद लावले. आता गंमत अशी, गंमत म्हणजे त्रासच, की क्रोकस लावायचा सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि तो फुलतो फेब्रुवारीच्या शेवटी. मध्ये जानेवारी. म्हणजे मी भेटेपर्यंत गावोगाव लावले आणि स्वतः लावलेला एकही फुललेला बघितला नव्हता. एकदा सुटी काढून जुन्या घरी बघायला गेल्या, तर तिथं फरशी घातलेली. एरवी ड्युटी आडवी यायची.

माझी आणि त्यांची भेट मागच्या सप्टेंबरात झाली. मी डब्लिनला एम.एस्सी.साठी आले होते, आणि डब्लिनमध्ये खोली मिळणं कठीण. मराठी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं की नावन गावात एका डॉक्टरबाईंच्या घरातली लहान खोली रिकामी आहे, बस थेट डब्लिनला जाते. मी गेले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडिलांची अकलूजला पिठाची गिरणी आहे. डॉक्टरसमोर मी औषध घेण्याखेरीज कधी बसले नव्हते, त्यामुळे मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. त्यांनी स्वयंपाक येतो का, रात्री उशिरा येणार का, काही विचारलं नाही. चहा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, “गवत कापतेस का?”

मला वाटलं कामाची तयारी आहे का ते बघतायत. मी उत्साहानं म्हटलं, “हो मॅडम, कापेन की. आजोळी गुरांसाठी कापलेलं आहे.”

त्यांचा चेहरा पडला. “मग अवघड आहे,” त्या म्हणाल्या.

पुढची पंधरा मिनिटं मी गवत कापणार नाही असं मला निरनिराळ्या प्रकारे कबूल करावं लागलं. शेवटी खोली मिळाली. निघताना मी पुन्हा मॅडम म्हटलं, तर म्हणाल्या, “मॅडम काय? मी तुझी एक्स्टर्नल परीक्षक आहे का? ताई म्हण.”

ताई म्हणायला मला आठवडा लागला. त्यांच्यावर चिडायला मात्र तीनच दिवस लागले.

त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची आणि समोरच्याकडून एकदा वदवून घ्यायची सवय होती. “गॅस बंद. काय म्हटलं मी?” “गॅस बंद.” “ग्रँड.” इथली माणसं सगळ्याला ग्रँड म्हणतात, पण ताईंचा ग्रँड हा शेरा असायचा, वहीवर मारतात तसा. ड्युटीवरून आल्या की ओट्याशी उभ्यानं थंड वरणभात खायच्या आणि बसल्या जागी झोपायच्या. जिन्यात झोपलेल्या मी त्यांना पाहिलंय, एका पायात बूट. आणि कोणी रडायला लागलं की त्यांच्याकडे एकच उपाय, भूल देतानाचा. माझी पहिली असाइनमेंट नापास होऊन परत आली तेव्हा मी टेबलाशी रडत होते. शेजारी उभ्या राहून त्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या, “दहापासून उलटं मोज.” मी मोजलं. एकपर्यंत पोचले तरी रडत होतेच. “विचित्र आहे,” त्या म्हणाल्या. “लोक सहसा सातच्या पुढे जात नाहीत.”

ऑक्टोबरात पोस्टानं कंद आले. जाळीच्या पिशवीत दोनशे, लहान कांद्याएवढे, तपकिरी सालीचे. रविवारी सकाळी त्यांनी मला अंगणात बोलावलं. त्यांच्याकडे सुतळी होती, खुंट्या होत्या, आणि डॉक्टर घसा बघायला जीभ दाबतात ती लाकडी पट्टी, तिच्यावर आठ सेंटिमीटरला पेननं खूण. “खड्डा इथपर्यंत. टोक वर. दोन कंदांत याच्याइतकंच अंतर. काय म्हटलं मी?”

आम्ही सुतळी ताणत होतो तेव्हा पॅट कुंपणावर हात टेकून उभे राहिले. त्यांनी बराच वेळ बघून घेतलं. “काय गं पोरींनो,” ते म्हणाले, “फुलं लावताय की फौज उभी करताय? मूठभर घ्यायचे, फेकायचे, जिथं पडतील तिथं लावायचे. सगळे असंच करतात.”

ताईंना ते पटलं नाही. भूल देणारी बाई कुठलीच गोष्ट फेकत नाही. त्या आत गेल्या, दोन तास काहीतरी वाचत बसल्या, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “ते बरोबर आहेत. रांगेत लावले तर कृत्रिम दिसतं.” सुतळी गुंडाळली. मग डोळे मिटले आणि मूठ मूठ करून सगळे दोनशे कंद फेकले.

मला वाटलं सुटले. पण ताईंनी एकदा नियम मान्य केला की केला. ‘जिथं पडतील तिथं’ म्हणजे तिथंच. कपडे वाळत घालायच्या दोरीखाली वीसेक पडले होते. एक कचऱ्याच्या हिरव्या डब्याच्या चाकाशी. दोन पॅटच्या अंगणात. ताई रस्त्यावरून वळसा घालून गेल्या, पॅटच्या दाराची घंटा वाजवली आणि त्यांच्या हिरवळीत दोन खड्डे करायची रीतसर परवानगी मागितली.

“डब्यापाशी पडलाय तो जरा इकडे सरकवू या का?” मी विचारलं.

“मग फेकला कशाला?”

“पण ताई, दर बुधवारी डबा बाहेर न्यायचा असतो.”

“दुसरीकडून ने.”

तेव्हापासून दर बुधवारी मी तो डबा उलट्या बाजूनं, भिंतीला अंग घासत, रस्त्यापर्यंत नेते. आजही नेला. दोरीखाली पाय ठेवायला बंदी, म्हणून थंडीभर कपडे माझ्या खोलीत वाळले आणि माझ्या नोट्सना ओल्या मोज्यांचा वास यायला लागला.

त्या दिवशी लावता लावता एका कंदाचं टोक मला सापडेना. सगळीकडून गोल. मी घाबरत घाबरत विचारलं. मला वाटलं आता व्याख्यान. त्यांनी तो हातात घेऊन फिरवला आणि म्हणाल्या, “आडवा लाव. तो आपणहून वळतो वर.” आणि पुढच्या खड्ड्याकडे गेल्या.

आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत मातीत. आईनं विचारलं, “तिकडं जाऊन माती उकरतीस व्हय? यातनं केशर निघतं म्हणं?” ताईंनी माझ्या हातातला फोन घेतला. “नाही काकू. तो क्रोकस वेगळा. याचं काही होत नाही. नुसतं फूल.”

“मग लावायचा कशाला?” आईनं सरळ विचारलं.

“बरोबर विचारलंत,” ताई म्हणाल्या आणि फोन मला परत दिला.

त्याचं उत्तर मला डिसेंबरात मिळालं, तेही मी न विचारता. त्या सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या राहून कुकर घासत होत्या. म्हणाल्या, पहिलं घर वॉटरफोर्डला होतं. जानेवारीत आले. अंधार, पाऊस, कोणी ओळखीचं नाही. फेब्रुवारीत एके दिवशी ड्युटीवरून आले तर मागच्या गवतात जांभळी फुलं. कुणी लावली असतील वगैरे डोक्यातच आलं नाही, रानातली वाटली. पंधरा दिवस होती. मग गेली आणि गवत नुसतं पिंजारलेलं दिसायला लागलं, बारीक पात्याचं, मधोमध पांढरी रेघ.

“मला सगळ्यांनी सांगितलेलं, इथं अंगण नीट ठेवावं लागतं. मला वाटलं, आपण बाहेरून आलेलो, आपल्याला कोणी नावं ठेवू नयेत. म्हणून मशीन मागून आणलं आणि सगळं कापलं. अगदी मुळापर्यंत. झाडून काढलं वर. शेजारच्या आजी बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, ‘अगं, कापलीस होय.’”

ती क्रोकसची पानं होती. फूल गेल्यावर ती पानं सहा आठवडे ऊन खातात आणि खाली कंद भरतो. पानं गेली की कंद गेला. तोवर ताईंची बदली झाली होती, पण पुढच्या फेब्रुवारीत त्या मुद्दाम बसनं तिथं जाऊन आल्या. एकही नव्हतं.

“कुणीतरी लावून गेलं होतं,” त्या म्हणाल्या. “माझ्यासाठी नव्हतं, पण मिळालं मला. आणि मी काय केलं, तर साफसफाई.” मग कुकर पालथा घातला. “शिटी नीट धूत जा. भात अडकतो तिच्यात.”

जानेवारी आला. ताईंना अखेर कायमची जागा मिळाली, पण आयर्लंडमध्ये नाही. ऑस्ट्रेलियाच्या तळाशी एक बेट आहे, तिथलं होबार्ट नावाचं गाव. मार्च लागला की विमान. त्याआधीचे दोन महिने वॉटरफोर्डला, पुन्हा तिथंच. म्हणजे नावनचे क्रोकस ही शेवटची संधी होती. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. त्यांनी हँडओव्हर दिला. कोट घालून, बॅगा दारात, बाहेर गाडी थांबलेली, आणि पंचवीस मिनिटं मला अंगणात उभं करून समजावलं. शेवटी म्हणाल्या, “रिपीट कर.” मी केलं. “आणि रविवार मिळाला की मी येणार. फुलायला लागले की त्याच दिवशी कळव. दुसऱ्या दिवशी नाही.”

मग फोन सुरू झाले. रोज सकाळी पावणेआठला, मी बसमध्ये असताना. टोकं वर आली का? किती? मोजलीस की अंदाजे सांगतेस? खार आली होती का? पिवळ्यांवर लक्ष ठेव, चिमण्या पिवळेच तोडतात. फोटो पाठव. शेजारी पट्टी ठेवून पाठव, नाहीतर उंची कशी कळणार? बाजूनंही काढ.

फेब्रुवारीत माझं प्रेझेंटेशन होतं. मला इंग्रजीत उभं राहून बोलायची भीती वाटते, मी चार दिवस नीट जेवले नव्हते. त्या सकाळी बसमध्ये मी मनातल्या मनात पहिलं वाक्य घोकत होते आणि फोन वाजला. “काल फोटो आला नाही,” ताई म्हणाल्या.

“ताई, ती फुलं आहेत,” मी म्हटलं. आवाज चढला होता, पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून पाहिलं. “पेशंट नाहीत. आणि मी तुमची नर्स नाही. माझं आज प्रेझेंटेशन आहे, तुम्हाला मी तीनदा सांगितलं होतं.”

पलीकडून हळू आवाजात, “दहापासून उलटं मोज.”

मी फोन बंद केला. पुढचे चार दिवस त्यांचा फोन आला नाही. पावणेआठ वाजले की मी फोनकडे बघायचे, आणि त्याचाही राग यायचा.

त्या शनिवारी सकाळी दारात एक माणूस मशीन घेऊन उभा. ताईंची खोली बघायला नवीन भाडेकरू येणार होते, म्हणून ब्रेंडननं गवत कापायला पाठवलेला. मी पायजम्यावर होते. तो बाजूच्या वाटेनं मागे गेला, मी घरातून पळत मागे गेले आणि गवताच्या पुढे उभी राहिले. गवतात नुसती हिरवी टोकं होती, माहीत नसेल तर दिसणारही नाहीत अशी. मला कुणाला नाही म्हणता येत नाही, इंग्रजीत तर मुळीच नाही. मी म्हटलं, “सॉरी. कापता येणार नाही. डॉक्टरांनी नको सांगितलंय.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. विस्कटलेले केस, पायजमा, डोळ्यांत पाणी. मशीन त्यानं हळूच खाली ठेवलं. “बरं, बरं,” तो म्हणाला, “ग्रँड. तू तब्येतीला जप हं.” आणि गेला. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही. त्याची मला अजून थोडी लाज वाटते.

मी ताईंना फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं काहीतरी म्हणतील. त्या म्हणाल्या, “पट्टी ठेवून फोटो पाठव.” आणि फोन ठेवता ठेवता, “प्रेझेंटेशन कसं झालं?”

“झालं.”

“ग्रँड,” त्या म्हणाल्या.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी त्या आल्या. रात्रभर ड्युटी करून, वॉटरफोर्डहून डब्लिन, तिथून दुसरी बस. गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र तसंच होतं. आल्या त्या घरात न येता बाजूच्या वाटेनं थेट मागे. आभाळ राखाडी, गच्च. क्रोकस सगळे वर आले होते, जांभळे, पांढरे, चिमण्यांनी सोडलेले सातआठ पिवळे. पण सगळे मिटलेले. ऊन नसलं की क्रोकस उघडत नाही. गवतात रंगीत पेन्सिली टोचून ठेवल्यासारखं दिसत होतं.

“उघडत का नाहीत?” ताई म्हणाल्या.

“ऊन नाही.”

“ते मला माहीत आहे.”

परतीची बस साडेतीनची होती, सकाळी पुन्हा ड्युटी. मंगळवारी विमान. त्यांनी गवताच्या कडेला फळी टाकायला लावली, तिच्यावर स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवली आणि कोट गुंडाळून बसल्या. मी चहा आणला. त्या आभाळाकडे अशा बघत होत्या की जणू तिथलं कुणीतरी वेळेवर आलेलं नाही. “मी डोळे मिटते,” म्हणाल्या. “ऊन आलं की त्या मिनिटाला उठव. काय म्हटलं मी?” “त्या मिनिटाला.” उत्तर पूर्ण व्हायच्या आत झोपल्या.

दोन वाजून गेल्यावर ढग जरा फाटले. ऊन पॅटच्या छपरावर आलं, कुंपणावर आलं, मग गवतात उतरलं. काही वेळ काहीच झालं नाही. मग एका जांभळ्या फुलाची पाकळी सुटली. मी हाक मारली, “ताई.” काही नाही. खांदा हलवला. मान दुसऱ्या बाजूला पडली. गदागदा हलवलं. त्यांनी झोपेतच काहीतरी औषधाचं माप सांगितलं. दुसरं फूल उघडलं, तिसरं उघडलं, आणि आभाळात मागून पुन्हा ढग येताना दिसत होता. मला रडू यायला लागलं. मग मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, “ताई, कुणीतरी गवत कापतंय.”

त्या ताडकन उभ्या राहिल्या. चहाचा कप फळीवर पडला.

समोर सगळं अंगण उघडत होतं. एकदम नाही. इथं एक, तिथं तीन, दोरीखाली झुबका, डब्याच्या चाकाशी एकटा पांढरा. आत नारिंगी काडी. कुंपणापलीकडून पॅटचा आवाज आला, “तुमचे दोघे इकडेही आलेत बरं का.”

ताई भुवया आक्रसून म्हणाल्या, “हे इतके जवळजवळ कुणी लावले?”

“तुम्हीच. डोळे मिटून.”

त्यांनी बूट काढले, गुडघ्यांवर बसल्या आणि रांगत रांगत एकेका फुलापाशी गेल्या. पँट गुडघ्याशी काळी झाली. कुठं हात लावला नाही. मी म्हटलं, “फोटो काढू तुमचा?”

“नको. फोटो आहेत माझ्याकडे. सगळ्या बाजूंनी.”

ऊन वीस मिनिटं राहिलं असेल. मग ढग आला, पण त्या उठल्या नाहीत, फुलं मिटायला लागली तेव्हा उठल्या.

बसस्टॉपपर्यंत आम्ही चालत गेलो. त्या म्हणाल्या, “तिकडे उलटं आहे. ऑगस्टात फुलतात म्हणे. म्हणजे एप्रिलात लावायचे.”

“तिथं तर बदली नाही ना आता?”

“नाही,” त्या म्हणाल्या. जरा चालल्यावर म्हणाल्या, “बघू.”

बस आली. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं, पण त्या रांगेत बॅग पुढे ढकलत होत्या आणि मला धीर झाला नाही. त्या खिडकीशी बसल्या. काच आतून धुरकट झाली होती. बाहीनं त्यांनी गोल पुसला, त्यातून मला शोधलं आणि एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्याचा अंगठा काचेला लावला. सहा. मी मान हलवली. त्यांना ते पुरलं नाही. त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि पुन्हा सहा दाखवले. बस हलली. स्टॉपवर आठदहा माणसं उभी होती, ती बघत होती. मी दोन्ही हात वर केले, सहा बोटं उघडली, आणि बस पुलाकडे वळेपर्यंत तशीच धरून ठेवली.